नापास झाले तर

बारावीनंतर मला बारामतीला कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला, तेव्हा आबा एवढंच म्हणाले होते, "पयल्या वर्साला समद्या इषयात पास झालीस, तर पुढं शिकवीन." बावड्याच्या आमच्या घरातून याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे वडिलांचं हे बोलणं मला फार मोठं वाटलं.

पहिल्याच वर्षी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स होतं. मला वाटलं, बारावीच्या गणिताचाच पुढचा भाग असेल. पण सुरुवातीला तिथं आकडेमोड जवळजवळ नव्हतीच. वाक्यं होती. कुठलं खरं, कुठलं खोटं, आणि दोन वाक्यं ‘जर-तर’नं जोडली की काय होतं, असं सगळं. मॅडम म्हणाल्या, "समजा, काका म्हणाले, ‘ऊस वेळेत तुटला तर नवी गाडी घेईन.’ ऊस काही वेळेत तुटला नाही. तरी काकांनी गाडी घेतली. मग काका खोटं बोलले का?"

मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "न्हाय मॅडम, गाडी काकूच्या माहेरनं आली आसंल!"

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "खोटं नाही बोलले. ऊस तुटला नाही तर काय करणार, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. म्हणून गाडी घेतली काय किंवा नाही घेतली काय, त्यांचं वाक्य खरंच राहतं."

मला ते पटेना. आमच्याकडं कुणी असं बोललं की दुसरी बाजू न सांगताच कळते, असं मला वाटायचं. हात वर करावा असं मनात आलं, पण इंग्रजीत विचारायचं की मराठीत, हेच ठरेना, आणि तास संपला. होस्टेलवर माझ्या खोलीत पणदऱ्याची मैत्रीण होती, तिला विचारलं.

"अगं बाई, पटवून कशाला घेतीस? त्या खऱ्या-खोट्याच्या तक्त्याची उत्तरं पाठ कर. टी, एफ, टी, टी. झालं."

मी पाठ केलं. सगळा विषयच तसा पाठ केला.

वर्षअखेर बाकीचे विषय सुटले, हा एक राहिला. एक विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं, त्याला एटीकेटी म्हणतात. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी तशाच बसल्या. मी मात्र गादी, बादली, पुस्तकं बांधली आणि एसटीनं घरी आले. आबा गोठ्यात होते. म्हटलं, "एक इषय राहिला." ते गादीच्या वळकटीकडं बघत राहिले. "बरं," म्हणाले आणि गाईंना वैरण टाकायला वळले.

आबांना काही विचारायचं तर आमच्याकडं ते आईच्या तोंडून. पण आईही म्हणाली, "त्यांचा शबूद एकदा पडला की पडला. कशाला इचारून आणिक वाकडं करून घेतीस?" दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत गेली. मी इंदापूरला बीएला नाव घातलं.

राहिलेला पेपर तरीही पुढं देऊन टाकला. का दिला, ते नीट सांगता येत नाही. अभ्यासाला घरी बसले, कसली घाई नव्हती, तेव्हा तो जर-तरचा तक्ता पुन्हा काढला आणि या वेळी पाठ न करता वाचला. पहिली गोष्ट घडलीच नाही, तर दुसरीबद्दल त्या वाक्यानं काहीच सांगितलेलं नसतं. वाचता वाचता एकदम लक्षात आलं. नापास झाले तर काय, हे आबांनी कधी सांगितलंच नव्हतं.

विचारायचा धीर यायला बरेच दिवस गेले. पेपर सुटला हे सांगायच्या निमित्तानं गोठ्यात गेले. आबा वैरणीच्या कुट्टी मशीनमध्ये मका सारत होते.

"आबा, मी नापास झाले तवा तुमी मला परत धाडणार नव्हता ना?"

त्यांनी मशीन बंद केलं. "कुणी सांगितलं?"

"तुमीच म्हणला व्हता, पास झालीस तर शिकवीन."

"मग? न्हाय झालीस तर घरी बसवीन, आसं म्हणलो व्हतो व्हय? तू गादी घिऊनच आलीस. मला वाटलं, तुलाच कॉलेज नगं झालंय. पोरीवर जुलूम कशाला करायचा?"

"मग बोलला का न्हाय?"

"तू तरी कुठं बोललीस?"

पुढच्या वर्षी चौकशी केली, तर अभ्यासक्रम बदलला होता. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. आबा तयार होते. लहान मुलींच्या वर्गात नव्यानं जाऊन बसायचा धीर मलाच झाला नाही.

आता मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि धाकटी बहीण बारावीला. परवा जेवताना आबा तिला म्हणाले, "चांगलं मार्क पडलं तर तुला बी बारामतीला घालीन." ती मान डोलावून जेवत राहिली.

मी भाकरी थापता थापता विचारलं, "आन न्हाय पडलं तर?"

आईनं माझ्यावर डोळे वटारले. आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तरी बी घालीन."

धाकटी खुदकन हसली. मला आनंद झाला, खरंच झाला. पण भाकरी उलटताना डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त सांगायचं तर आमच्याकडं आता गॅस आहे.