बांधावरचा परका दगड

भोसरीच्या अर्जुनरावची खोड अशी, की जेवणाचं ताट समोर आलं की आधी वास घेणार, मग घास मोडणार. बायको शालनबाई वैतागायची. "इख घालायचं असतं तर कवाच घातलं नसतं का?" तो म्हणायचा, "कवा घातलं न्हाई म्हणून आज घालणार न्हाई, असं कुठं हाय?" संशयाला औषध नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. या माणसाचा भरवसा जगात एकाच माणसावर होता, धाकट्या भावावर, भिमाजीवर. आणि तोही त्यानं आपल्याच हातानं मोडला.

वाटणी झाली होती तरी दोघांची सावड होती. एकाकडं एक बैल, दुसऱ्याकडं एक. नांगराला दोन्ही एकत्र जुंपायचे, आधी थोरल्याचं रान, मग धाकट्याचं. दोन रानांच्या मधे बांध. आणि बांध म्हणजे काय चीज असते, ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. सख्खा भाऊसुद्धा नांगर वळवताना बोटभर बांध कोरून घेतो आणि मग नातवंडांपर्यंत भांडण पुरतं.

चीनची लढाई होऊन गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटे मोठा दणका झाला. "मोशीच्या खाणीत सुरुंग उडवला वाटतं," असं म्हणून अर्जुनरावनं कूस बदलली. उजाडल्यावर रानात गेला तर बांध मधोमध उकरलेला, माती चहूकडं उडालेली, आणि भिमाजी खोरं घेऊन तिथंच उभा. त्याच्या पायाशी नारळाएवढा दगड, वरून काळा, करपलेला.

"दादा, वरनं पडला," भिमाजी म्हणाला. "मी गव्हाला पाणी देत व्हतो. आभाळात जाळ दिसला, मग दणका, आन् ह्यो हितं."

अर्जुनरावनं दगड उचलला. आकाराच्या मानानं चांगलाच जड. आपल्या रानातला दगडन् दगड त्याच्या ओळखीचा, नांगर अडून अडून पाठ झालेला. हा त्यातला नव्हता. म्हणजे कुणीतरी बाहेरून आणला. आणि उकरलेल्या बांधाशी खोरं घेऊन कोण उभं आहे? बांध सरकवून खुणेला हा दगड पुरायचा डाव असणार. झालं, हिशेब जुळला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे त्याला कोण सांगणार?

"खोरं कशाला आणलंस?"

"पाणी द्यायला खोरं लागतंच की, दादा."

"आन् बांध कुणी उकरला?"

"दगडानं. मी सांगतोय न्हवं."

"तू सांगतोस म्हणून?"

"व्हय, मी सांगतो म्हणून."

अर्जुनरावनं तो दगड पुरावा म्हणून घरी नेला आणि कणगीच्या मागं दडवला. पुढच्या पेरणीला त्यानं आपला बैल दिला नाही. "त्याच्या घरचं पाणी बी पिऊ नका," असं घरात बजावलं. एका बैलावर काय नांगर चालतो? भिमाजी दारोदार बैल मागत फिरला, पेरणीजोगी ओल, वापसा निघून गेला, रान पडीक राहिलं. शेवटी त्यानं बैल विकला आणि बायकोला, तानुबाईला, घेऊन चाकणला कांद्याच्या वखारीत हमालीला गेला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "दादा, येतो." आतून अर्जुनरावनं कडी घातली.

पुढं दोघांचीही रानं कारखान्यांच्या वसाहतीत गेली. सरकारी माणसांनी मोजणीची साखळी टाकली, तर बांध जागच्या जागी निघाला. शालनबाई म्हणाली, "आता तरी पटलं?" अर्जुनराव म्हणाला, "बोभाटा झाला म्हणून परत जागेवर घातला असंल." काय करायचं अशा माणसाचं, सांगा.

बांधावर शेड उभी राहिली. अर्जुनरावनं घराशेजारी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. एका खोलीत शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुमनताई राहायच्या. अमेरिकेची स्कायलॅब, अवकाशात फिरणारी प्रयोगशाळा, कोसळणार म्हणून जो तो वर बघत होता, तेव्हाची गोष्ट. ओट्यावर अर्जुनराव हसून म्हणाला, "आभाळातनं कुठं काय पडतंय, बाई? आमचा भाऊ बी असलीच थाप मारायचा." आणि त्यानं तो दगड आणून दाखवला.

सुमनताईंनी लोहचुंबक आणलं. ते दगडाला चिकटलं. "यात लोखंड आहे, खरंच वरून पडला असेल," त्या म्हणाल्या. बाई भिमाजीला सामील तर नसतील, असं अर्जुनरावच्या मनात येऊन गेलं. पण त्या पुण्याला कॉलेजात दाखवू या म्हणाल्या तेव्हा तो निघाला, दगड स्वतःच्या धोतरात बांधून. तिथले प्राध्यापक दगडाची कड कापत होते, तेव्हा अर्जुनराव दगडाची अदलाबदल होईल म्हणून पापणी न लववता समोर बसला. आतून दगड राखाडी निघाला, त्यात लोखंडाचे बारीक चकाकते कण.

"मंगळ आणि गुरू यांच्यामधे लहानमोठ्या दगडांचा पट्टा सूर्याभोवती फिरत असतो," प्राध्यापक म्हणाले. "त्यातल्याच एखाद्या छोट्या दगडी लघुग्रहाचा हा तुकडा. आभाळातूनच पडलाय."

"तिथं रान कुणाच्या मालकीचं?"

"कुणाच्याच नाही."

"बांध?"

"बांध कुठला, आजोबा."

अर्जुनरावनं दगड परत धोतरात बांधला. घरी आला, ताटावर बसला आणि ताट तसंच बाजूला सारलं. भिमाजी खरं बोलला होता, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो चाकणला गेला. भिमाजीच्या पाठीला पोती वाहून वाहून बाक आला होता. तानुबाईनं पदर सारखा करून पिठलं-भाकरी वाढली. अर्जुनरावनं वास न घेता घास मोडला. भिमाजीनं ते पाहिलं.

"भिमा, तू खरं बोलला व्हतास. वरनंच पडला. पुण्याच्या मोठ्या मास्तरनी सांगितलं." अर्जुनरावनं दगड पुढं सरकवला.

भिमाजीनं दगड हातात घेऊन फिरवला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि खाली ठेवला.

"ह्यो त्योच दगूड कशावरनं?"

"आरं, मी सांगतो न्हवं."

"तू सांगतोस म्हणून?" भिमाजी म्हणाला. "त्या दिशी मी बी येवढंच म्हणत व्हतो, दादा."

अर्जुनरावला रडू फुटलं. ते रडू खरं आहे की नाही, हे भिमाजी बराच वेळ बघत राहिला.