न घासलेला सांधा

भेस्तानच्या आमच्या शेडमध्ये बंगल्यांची स्टीलची रेलिंगं बनत. त्या वर्षांत सुरतेतल्या प्रत्येक नव्या पैसेवाल्याला चकचकीत जिना हवा असे. वेल्डिंगचा सांधा ग्राइंडरने घासायचा, वर बफ मारायचा, बोट फिरवलं तरी जोड लागता कामा नये. सांधा दिसला की गिऱ्हाईक नाक मुरडायचं.

मी कॉलेजात होतो, पिशवीत लूम कामगारांच्या युनियनची पत्रकं घेऊन हिंडायचो. थोरला भाऊ पट्टीचा पोहणारा. गिरणीमालकांच्या एका ट्रस्टला खाडीकाठच्या वस्त्यांसाठी, पुरात मदत म्हणून, एअरबोट द्यायची होती. सपाट तळाची होडी, मागे मोटारीचं जुनं इंजिन आणि त्यावर विमानासारखा पंखा. पाण्याखाली काही फिरत नाही म्हणून ती जलपर्णीत अडकत नाही. चालक म्हणून भावाला घेतलं, बोट नीट चालली की पर्मनंट करू म्हणाले, आणि इंजिनचा स्टँड वडिलांना, आमच्या आप्पांना, बनवायला सांगितला. चालकाची खुर्ची इंजिनच्या पुढ्यात. स्टँड मोडला तर पंखा भावाच्याच पाठीवर.

आप्पांनी अ‍ॅल्युमिनियम आधीच बाद केलं. हलकं खरं, पण सतत थरथरलं की सांध्याशी तडकतं. एका डाइंग मिलच्या भंगारातून त्यांनी बॉयलरच्या काळ्या नळ्या आणल्या. जाड, बिनजोडाच्या. ट्रस्टचे सेक्रेटरी बघायला आले आणि दारातच थांबले.

"अरे भाई, ये काला-काला नहीं चलेगा. उद्घाटन में बड़े साहब आएँगे. मेरी बाल्कनी जैसा चकाचक बनाओ."

"स्टील भी चलेगा, सेठ. पर मोटा पाइप लेंगे और जॉइंट घिसेंगे नहीं."

"गाँठें दिखेंगी!"

"दिखने दो. वही पकड़ के रखेंगी."

सेठनी काम पलीकडच्या शेडला दिलं. तिथे रेलिंगचाच पातळ पाइप घेतला आणि सांधे आरशासारखे घासले. त्या कारागिरांनी कामचुकारपणा केला नाही. आमच्या धंद्यात ज्याला चांगलं काम म्हणतात, तेच त्यांनी केलं.

घरी भाऊ आप्पांवर उखडला. "सगळ्या सुरतेत तुम्हीच शहाणे! मी पर्मनंट होईन, तेही बघवत नाही तुम्हाला."

"बसू नको त्यात," आप्पा म्हणाले.

मी मध्ये पडलो. "कामगाराच्या जिवाची किंमत या मालकांना..."

"तू पत्रक वाचू नको. तुले काय समजस?" भाऊ माझ्यावरच खेकसला.

तो बोटीत बसलाच. उद्घाटनाला स्टँडवर झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, टाळ्या पडल्या. काठापासून थोडं पुढे गेल्यावर त्याने वेग वाढवला आणि वरचा सांधा सुटला. इंजिन पुढे कललं, पंखा खुर्चीमागच्या जाळीवर आपटला, पात्याचा तुकडा भावाच्या खांद्यात घुसला. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर त्याला टेकवला तेव्हा कुणीतरी आधी तिचं पांढरं कव्हर काढून घेतलं. ते मी विसरणार नाही.

हात वाचला, पण खांद्याच्या वर जात नाही. ट्रस्टने जाहीर केलं, चालकाने एकदम रेस दिली. पर्मनंटचा विषय तिथेच संपला.

काही महिन्यांनी सेक्रेटरी पुन्हा शेडमध्ये आले. बोट दुरुस्त करायची होती. "आप जो मेटल बोलेंगे वही." माफीचा एक शब्द नाही. आप्पांनी बॉयलरच्या नळ्या कोपऱ्यातून ओढून काढल्या आणि मापं घ्यायला लागले.

मी तिथेच ओरडलो. "आप्पा, लाज नाही वाटत? बुडू दे त्यांची बोट!"

"त्यांची?" आप्पांनी मान वर केली नाही. "त्यात ते कुठे बसणार आहेत? चालवायला नवागामचा एक पोरगा ठेवलाय त्यांनी."

भाऊ बाकड्यावर बसून ऐकत होता. तो उठला आणि चांगल्या हाताने नळीचं दुसरं टोक धरलं. मी पिशवी उचलून बाहेर पडलो. कोणाचं बरोबर होतं ते मला कळत होतं, म्हणूनच राग आणखी चढला. तो अजून उतरलेला नाही, आणि मला तो उतरायला नकोही आहे.