वाद घालायचा तर बटण लावा

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. शिंप्याच्या दुकानात कोपऱ्यात चिंध्या साठतात तसे ते साठत जातात, आणि एक दिवस लक्षात येतं की अरे, यांची तर अख्खी गोधडी होईल! माझी गोधडी मिरजगावच्या भाऊ शिंप्यांच्या दुकानातली आहे. मी तेव्हा तिथं पोस्टात होतो. पक्षफूट, निवडणूक, युद्ध, दुष्काळ असं सगळं एकामागोमाग अंगावर आलं, आणि या सगळ्याचा निकाल आम्ही रोज संध्याकाळी भाऊंच्या दुकानात लावत होतो.

भाऊंचा नियम मात्र कडक. राजकारण बोलायचं तर हातात सुई घ्यायची! "तोंड चालवा, पन हात बी चालवा," म्हणत ते प्रत्येकापुढं एकेक सदरा टाकायचे. निवडणुकीच्या दिवसांत लावलेली बटणं इतकी पक्की असायची की सदरा विरून जायचा, बटण जागचं हलायचं नाही.

*

वादाचे खांब दोन. एक सोसायटीचे चेअरमन दादा, सरकारी पक्षाचे. दुसरे शाळेतले तांबे गुरुजी. ते कायम विरोधात, सरकार कुणाचंही असो!

दिल्लीत पक्ष फुटला तेव्हा गुरुजी फार खुशीत होते. "आता बुडालात तुम्ही," असं ते बटण लावता लावता म्हणाले. दादांनी दोऱ्याला गाठ मारली आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पक्षात समदी मिळून जेवढी मानसं हायेत ना, तेवढी आमच्यात नुसती रुसलेली हायेत!"

गुरुजी ताडकन उठले. "मी सभात्याग करतो!" आणि तरातरा रस्त्यावर गेले. पाठोपाठ मांडीवरचा सदराही निघाला. रागाच्या भरात त्यांनी बटण सदऱ्यासकट स्वतःच्या धोतराला शिवून टाकलं होतं!

भाऊ मशीनवरूनच ओरडले, "गुरुजी, सभात्याग करा, पन दादांचा सदरा हितंच ठिवून जा!"

*

युद्ध सुरू झालं. दिव्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळं कापड लावायचा हुकूम आला. बाजारात काळं कापड मिळेना. भाऊ आमच्या जत्रेतल्या नाटकांचे दिग्दर्शक. त्यांनी जपून ठेवलेला नाटकाचा काळा पडदा काढला आणि कात्री चालवली. आमचा जीव कळवळला. भाऊ मात्र म्हणाले, "देश ऱ्हायला तर पडदा शिवता येईल."

तेवढ्यात वस्तीवरचे म्हातारे आण्णा आले. त्यांनाही तुकडा हवा होता.

"आण्णा, तुमच्या घरात वीज कुठंय?"

"न्हाई ना. पन समद्या गावाच्या खिडक्यांस्नी कापड, अन् आमचीच उघडी, बरं दिसतं का?"

भाऊंनी त्यांना सगळ्यात मोठा तुकडा दिला.

*

मी एकदा पुण्याला जाऊन एक नव्या धर्तीचं नाटक बघून आलो. दुकानात मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पडदा नाही, देखावा नाही, रंगमंचावर फक्त एक खुर्ची!

गुरुजी म्हणाले, "हे ऱ्हासाचं लक्षण." दादा म्हणाले, "ही टंचाई आसंल." भाऊ मात्र मशीन थांबवून ऐकत होते. "पडदा न्हाई? तरी मानसं उठून गेली न्हाईत?"

"शेवटपर्यंत बसली, भाऊ."

"मंग आमी येवढी वर्सं खुळ्यागत पडदे शिवले व्हय!"

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. ते मनात काहीतरी बेतत होते.

*

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. नवे कपडे कोण शिवणार? मशीन बंद पडली. आमचे भाऊ पाझर तलावाच्या कामावर पाट्या उचलायला लागले. पण कॉलरमध्ये खोचलेली सुई काही निघाली नाही. दुपारच्या सुट्टीत आमची सभा तिथंच भरायची, आणि वाद घालणाऱ्यांच्या हातात आता कामावरच्या बायाबापड्यांचे फाटके कपडे असायचे.

जत्रा जवळ आली. गुरुजी म्हणाले, "लोक पाण्यासाठी वणवण करताहेत आणि आपण तोंडाला रंग फासायचा? यंदा नाटक नको."

दादा म्हणाले, "गुरुजींचं बराबर हाय."

आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं! भाऊ घाबरले. "तुमचं जुळलं म्हंजी गावाचं काई खरं न्हाई," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "पाऊस थांबला, मशीन थांबली, निम्मं गाव उठून गेलं. आता नाटक बी थांबलं, तर उरलेल्यांनी कशापायी गोळा व्हायचं? यंदा मोडलं तर पुन्ना उभं ऱ्हायचं न्हाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुजींनी मुकाट्यानं खलनायकाचं काम पत्करलं.

*

नाटक भाऊंनीच लिहिलेलं, बरी पावसापाण्याची वर्षं होती तेव्हाचं. एक पाटील आपल्या विहिरीवर गावाला पाणी भरू देत नाही, आणि शेवटी नायिका भरली घागर त्याच्या डोक्यावर ओतते. नायिका दर वर्षी बबन व्हायचा, पण तो बायकापोरांसह ऊसतोडीला गेलेला. आता नायिका कोण?

खडी फोडणारी अनसूया म्हणाली, "म्या करते."

बायांनी नाटकात कामं करावीत म्हणून शाळेत भाषणं देणारे गुरुजी एकदम गोरेमोरे झाले! "पण... लोक काय म्हणतील?"

"दिसभर गड्यांच्या बरुबरीनं खडी फोडते, तवा लोक काय म्हनत्यात?"

तिची सासू गिरजाबाई मात्र पेटली. "परक्या पाटलासंगं भांडनार व्हय? मी तोंड बी बघनार न्हाई!"

*

जत्रेच्या दिवशी काम सुटल्यावर तलावाच्या कोरड्या पोटात लोक बसले. रॉकेल नव्हतं, म्हणून नाटक उन्हातच. पडदा नाही, देखावा नाही. मातीचा ढीग हाच रंगमंच, तो गुरुजींनी सकाळपासून खपून सारखा केलेला. सगळ्यांच्या पुढं, पाठ वळवून, गिरजाबाई बसलेली!

दादांनी एक उद्योग करून ठेवला होता. तालमीत घागर रिकामी असायची. गुरुजी एकदा तरी चिंब भिजावेत म्हणून त्यांनी गुपचूप टँकरवाल्याकडून ती भरून घेतली. "तालीम येगळी, प्रयोग येगळा," असं माझ्या कानात सांगून ते पुढं जाऊन बसले.

शेवटचा प्रवेश आला. अनसूयेनं घागर उचलली आणि ती जड लागली. तिनं आत पाहिलं. लोकांनाही पाणी हिंदकळलेलं ऐकू आलं. ढिगामागून वाक्यं सांगणारा मी कुजबुजत होतो, "ओत! ओत!" भाऊंनी डोळे मिटून घेतले.

अनसूयेनं घागर कमरेवर घेतली. "पाटील," ती म्हणाली, "तुमच्या अंगावर वतन्याइतकं पानी हितं कुनाकडं हाय?"

हे वाक्य नाटकात नव्हतं! ती ढिगावरून उतरली आणि पहिल्या रांगेपासून एकेकाच्या ओंजळीत घोट घोट ओतत चालली. म्हातारे, बाया, पोरं सगळे ओंजळी पुढं करत होते. दादांनीही केली. नाटक थांबलं होतं की चालू होतं, कुणाला कळेना. ढिगावर पाटलाच्या वेशात, मिशा लावलेले गुरुजी एकटेच उन्हात उभे होते.

तेवढ्यात गिरजाबाई वळली. पदर सावरत उठली आणि भर सभेत सुनेला म्हणाली:

"अगं, त्या पाटलाला बी दे घोटभर. त्यो बी सकाळपास्नं हितंच हाय!"