वरच्या खोलीतलं छपाईयंत्र

फणसवाडीतलं आमचं घर दोन मजली. पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर भाडेकरू. मुंबई अजून महाराष्ट्राची व्हायची होती आणि कचेरीतून निवृत्त झालेले माझे वडील त्या चळवळीची एकही सभा चुकवत नसत. मी तेव्हा कॉलेजात होते.

आमच्या बरोबर वरच्या खोलीत कोकणातलं एक जोडपं राहायचं. काका एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. भाडेचिठ्ठीत बाबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'जागा फक्त राहण्यासाठी.' पण आम्ही सगळे एका लग्नाला अलिबागला गेलो तेव्हा काकांनी पायाने चालवायचं एक जुनं छपाईयंत्र सुटं करून वर चढवलं. आम्ही परतलो तर छत धडधडत होतं.

"बायकोसाठी शिवणयंत्र घेतलंय," काकांनी बाबांना सांगितलं.

मला आठवड्यातच खरं काय ते कळलं. आईने काकूंसाठी दिलेलं लोणचं घेऊन वर गेले, तर काकांनी शाई न वाळलेला, एका पत्रकाचा कागद माझ्या हातात ठेवला. "बाय, तू शिकलेली गो. जरा चुका बघून दे." दिल्या. मग रोजच बघायला लागले. चळवळीचं काम करतेय म्हणून मी नुसती तरंगत असे, शिवाय काकू गरम घावणे घालायच्या. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

एके दिवशी बाबा सभेतून एक पत्रक घेऊन आले. आईला म्हणाले, "बघ, काय सुबक छपाई आहे. शोधून चूक सापडायची नाही." मी खाली मान घालून जेवत राहिले.

त्याच रविवारी दुपारी छताचा मोठा पोपडा सुटला आणि थेट बाबांच्या कालवणात पडला. बाबा खरकट्या हातानेच वर गेले, मी त्यांच्या मागे. खोलीभर बांधलेल्या दोऱ्यांवर तीच पत्रकं वाळत होती आणि यंत्राखालच्या फळ्या पार खोलगट झाल्या होत्या.

"तुम्हाला जागा सोडावी लागेल," बाबा म्हणाले.

"मालक, हे काम कोणासाठी चाललंय?"

"काम माझंही आहे. पण उद्या हे यंत्र खाली आलं तर माझ्या पोरीच्या डोक्यात पडेल."

बाबांनी बसल्या बैठकीला नोटीस लिहून वर पाठवली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, लाल शाईने शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त करून. बाबांचे कान लाल झाले. पण चुका खऱ्या होत्या. त्यांनी सुधारलेली प्रत काढून पुन्हा पाठवली, तेव्हा काकांनी महिनाअखेर जागा सोडतो म्हणून मुकाट्याने सही केली.

मला राहवेना. बाबांना सांगून टाकलं की पत्रकं तपासणारी मीच.

"म्हणजे माझ्या नोटिशीतल्या चुकाही तूच काढल्यास?"

"नाही. त्या काकांनी काढल्या."

तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता, बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चिंचपोकळीला माझ्या एका जुन्या सोबत्याचा तळमजल्यावरचा गाळा रिकामा आहे. त्यांना सांग. मी सांगितलं म्हणू नकोस."

महिनाअखेर यंत्र पुन्हा सुटं झालं आणि हमालांनी ते एकेक भाग करून उतरवलं. काकू आईच्या गळ्यात पडून रडल्या. बाबा मात्र हातगाडीबरोबर चालत चिंचपोकळीपर्यंत गेले, 'वजनदार सामान आहे, कोणीतरी हवं' म्हणत.

खोलीला नवा भाडेकरू शोधण्याआधी त्यांनी तुळई बदलून घेतली. मी परीक्षा होईपर्यंत शनिवारी शनिवारी चिंचपोकळीला जाऊन चुका बघत असे. कुठे चाललीस, हे बाबांनी एकदाही विचारलं नाही.