मैनाची ओळखपरेड

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की आधी हसू येतं. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरी पाहुणे जमले की मी म्हशीचीच केस सांगतो. माणसांची नावं सांगणार नाही. म्हशीचं सांगतो, तिची हरकत नसावी. तिचं नाव मैना.

नव्वदच्या दशकातलं कोल्हापूर. संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या राहायच्या आणि तालमीतून आलेली पोरं समोर काढलेलं धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यायची. शिवाजी पेठेतली एक बाई मैनाला तिथे आणायची. नवरा काही महिन्यांपूर्वीच वारलेला. एके सकाळी गोठ्यात नुसतं दावं राहिलं. बाईंनी ठाण्यात येऊन फिर्याद दिली. खूण विचारली तर शिंगांची टोकं निळी रंगवलेली, असं सांगितलं. सही करताना एवढंच म्हणाल्या, "साहेब, तिच्यावरच चूल हाय माझी."

थोड्याच दिवसांत खबऱ्यानं बातमी आणली. शाहूवाडीकडच्या एका हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या दलालाच्या, गोठ्यात नवी म्हैस आली होती आणि तिच्या शिंगांची टोकं ताजी कापलेली होती. चांगल्या म्हशीची शिंगं कोण कशाला कापेल? आम्ही छापा घातला, पंचनामा केला आणि म्हैस मुद्देमाल म्हणून जप्त करून ठाण्याच्या आवारात बांधली. मुद्देमालाला वैरण कुणी घालायची, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. दोन हवालदारांनी धार काढायचा प्रयत्न केला आणि दोघेही लाथ खाऊन परतले.

हेडी पक्का निघाला. बाजारात घेतली, विकणारा ओळखीचा नव्हता, एवढंच धरून बसला. बाईंनी पंचांसमोर मैनाखाली बसून चरवीभर दूध काढून दाखवलं. त्यावर म्हणाला, ज्या बाईला धार काढता येते तिला कुठलीही म्हैस दूध देते. "म्हशी सगळ्या काळ्याच असत्यात की, साहेब." पंचांनीही माना डोलावल्या. मी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही, नुसतं त्याला बोलत ठेवलं. बोलता बोलता एक गोष्ट खटकली. ज्याच्या गळ्यात चोरीचा माल पडतो, तो आधी विकणाऱ्याच्या नावानं शिमगा करतो. हा त्या विकणाऱ्यावर एकदाही चिडला नाही. चोर हाच, याबद्दल मला शंका उरली नाही. पण माझी खात्री कोर्टात चालत नाही.

मग मला पाडवा आठवला. दिवाळी पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून पळवतात. सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर मालक पुढे, आणि त्या आवाजामागे मोकळी सुटलेली म्हैस. कैक वर्षं त्या बंदोबस्ताला पंचगंगेच्या काठी उभा राहून मी त्या आवाजाला शिव्या घातल्या होत्या. बाईंना विचारलं, मालक मैनाला पळवायचे का? म्हणाल्या, गेल्या पाडव्यालाही पळवली होती, पण ते गेल्यावर गाडी मुरगूडच्या एका शेतकऱ्याला विकून टाकली. मी मुरगूडला निरोप धाडला. तो भला माणूस स्वतः गाडी घेऊन आला. गाडीला त्यानं सायलेन्सर बसवलेला होता, तो मी काढायला लावला. सायलेन्सर काढणाऱ्यांना दंड करण्यात निम्मी नोकरी घालवलेल्या माणसाचा हा हुकूम ऐकून ठाणं दिवसभर हसत होतं.

वरिष्ठांना मात्र हसू आलं नाही. मुद्देमाल पळून गेला तर तुमची खैर नाही, म्हणाले. मी म्हटलं, "पळावा म्हणूनच सोडतोय, साहेब."

नदीकाठच्या मोकळ्या जागेत पंचांसमोर मैनाचं दावं सोडलं. आधी हेड्याला हाक मारायला लावली. मैना रवंथ करत राहिली. मग देवळाच्या आड, कुणाला दिसणार नाही अशी उभी केलेली गाडी मुरगूडकरानं किक मारून चालू केली. मैनानं कान टवकारले, रवंथ थांबला, आणि शेपूट उचलून ती सुटली. एक पंच बाजूला उडी मारताना चिखलात बसला. ती थेट गाडीच्या मागच्या चाकाशी जाऊन थांबली. हेड्यानं हात जोडले. शिंगांची कापलेली टोकं त्यानं नंतर स्वतःच उकिरड्यातून उकरून दिली; बाईंच्या नवऱ्यानं लावलेला निळा रंग त्यांवर अजून होता.

तिथे सगळे हसत होते, टाळ्या पिटत होते. मी अभिनंदन करायला बाईंकडे वळलो. त्या मैनाकडे बघतच नव्हत्या. मुरगूडकर गाडी बंद करायला वाकला, तशा हळूच म्हणाल्या, "साहेब, बंद करू नका म्हणावं त्यास्नी. जरा चालू ऱ्हाऊ दे की."

मी हातानं खूण केली. तो गाडी चालू ठेवून उभा राहिला आणि बाई पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. मला भडभडून आलं, खोटं कशाला सांगू.

कोर्टाच्या हुकमानं मैना घरी गेली, हेड्याला शिक्षा झाली. केस म्हणून ती तिथे संपली. फिर्यादीत आपण चोरीला गेलेली वस्तू लिहितो, तिचा रंग लिहितो, खूण लिहितो. माणसाचं आणखी काय गेलंय, ते लिहायला तिथे जागा नसते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, फिर्याद लिहून झाली तरी मी पेन लगेच खिशाला लावलं नाही. समोरच्या माणसाला बहुतेक वेळा अजून काही सांगायचं असायचं.