ओठांतल्या टाचण्या

बाईंनी उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या नवऱ्याच्या, म्हणजे टेलरमास्तरांच्या, दुकानात काजं-बटणं करायला बसल्या, आणि तिथेच काळजात सुई घुसली. मास्तर या वयात इंग्रजी शिकू लागले होते, आणि तेही समोरच्या औषधवालीकडून!

ती कोटाचं माप द्यायला यायची आणि शिकवणी घेऊन जायची. "काका, बारीक गिऱ्हाइकाला 'स्लिम' म्हणायचं. 'थिन' म्हणाल तर त्याला वाटेल आपण आजारी दिसतो. आणि 'स्किनी' म्हणजे नुसता हाडांचा सापळा!"

"आणि मी?"

"तुम्ही 'प्लम्प', म्हणजे गुबगुबीत. 'फॅट' नव्हे हं!"

दोघं खो खो हसले. बाईंच्या हातातला दोरा तटकन तुटला.

ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "घरात विहीर असताना शेजारून पाणी आणताय!" मास्तर खडूने कापडावर रेघ ओढत राहिले.

मत्सराला हात फुटले. औषधवालीचा कोट हातशिलाईला आला, तेव्हा बाईंनी दोन्ही बाजूंच्या शिवणी गुपचूप बोटभर आत घेतल्या.

ट्रायलला बटण काही लागेना. "काका, अंगाबरोबर बसेल असा 'स्नग' सांगितला होता, हा तर चक्क 'टाइट'!"

मास्तरांनी शिवण उलटून पाहिली. बायकोचा टाका त्यांनी डोळे मिटूनही ओळखला असता.

"माझंच माप चुकलं गं, पोरी."

ती गेल्यावर त्यांनी कोट बाईंपुढे ठेवला. "उसव."

"मला का नाही विचारलंत कधी?" कोट उसवता उसवता बाईंनी विचारलं.

"तू हसतेस. नव्या नवरीसमोर ऐट मारायला एक वाक्य बोललो होतो, तर पोट धरून हसलीस. तेव्हापासून तुझ्यापुढे तोंडाला टाके."

"तीही हसतेच की!"

"ती हसली की मलाही हसू येतं."

हे मात्र फार खोल लागलं. बाईंनी शेवटचा टाका उसवला. मग म्हणाल्या, "बोला काहीतरी. नाही हसणार."

मास्तरांनी उसवलेला कोट उंच धरला, घसा खाकरला. "धिस कोट... नाऊ... व्हेरी फॅट."

बाईंनी घाईघाईने चार टाचण्या ओठांत धरल्या. खांदे गदगदले, डोळे भरून आले, पण आवाज म्हणून फुटला नाही.

"बरोबर?"

टाचण्या एकेक करून शिवणीला लागल्या, तेव्हा कुठे तोंड मोकळं झालं. "माणूस फॅट, कपडा लूज. आता दुसरं वाक्य."

"आणि तिची शिकवणी?"

"बंद! आणि हा कोट मी नेऊन देईन. तुम्ही दुकानातून हलायचं नाही."