बॅटरीचा कौल

आमच्या पेडण्यातल्या शेजाऱ्याचा देवाच्या कौलाशिवाय खिळासुद्धा ठोकला जात नसे. गोवा राज्य झालं त्या वर्षी त्याच्या जीपची बॅटरी इंजिनाशेजारी तापू लागली. ती पुढच्या सीटखाली हलवायची का, हेही त्याने देवळात विचारलं. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची पडली, म्हणजे होकार मिळाला. वायर मात्र त्याने विहिरीवरच्या मोडक्या पंपाची काढून जोडली.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून हरमलच्या शाळेत शिकवायला जाताना माझ्या बुडाखालून धूर निघाला. मी उडीच टाकली.

"मास्तरानू, देवाक नावां ठेवू नकात," तो शांतपणे म्हणाला. "देवान जागा तेवढी सांगितल्यान."

"मग वायरीचं का नाही विचारलंस?"

"देव नवी घे म्हणतलो, ह्या माका म्हायत होता."